सलीमभाईंच्या ड्रॉइंग्जचा संगणक

काळ्याभोर पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची एकच ओळ निश्चल उभी होती आणि शेडभर कटिंग ऑइलचा कडवट, उष्ण गंध भरून राहिला होता. शेजारच्या प्रेसचे ठोके भिंतीतून येत होते; चिखलीतल्या या वर्कशॉपमधली यंत्रे मात्र सकाळपासून मूक होती. ‘एनटीएलडीआर इज मिसिंग’ एवढेच तो जुना संगणक पुन्हा पुन्हा सांगत होता. एनटीएलडीआर म्हणजे सगळ्या प्रणालीला जागे करणारी एक इवलीशी फाइल. ती सापडली नाही, तर हजारो फायली जागच्या जागी असूनही संगणक सुरू होत नाही.

वर्कशॉप रुखसानाभाभींचे. त्यांचे यजमान सलीमभाई डाय, म्हणजे प्रेसमध्ये पत्र्याला आकार देणारे पोलादी साचे, बनवीत; गेल्या वर्षी ते गेले आणि तीन कारागिरांना घेऊन भाभींनी काम चालू ठेवले. चाकणच्या एका कंपनीत सलीमभाईंनी बनवलेली डाय तडकली होती आणि तशीच दुसरी तातडीने हवी होती. तिचे ड्रॉइंग फक्त या संगणकात. आदल्या दिवशी येऊन गेलेल्या माणसाने सगळे पुसून प्रणाली नव्याने टाकायचा सल्ला दिला होता. भाभींनी त्याला चहा पाजून परत पाठवले आणि मला फोन केला.

“ताई, बंद राहिला तरी चालेल,” त्या म्हणाल्या, “पण यातलं काही पुसू नका.”

जुने संगणक दुरुस्त करण्यात माझी वीस वर्षे गेली आहेत. माझे वडील पिंपरीच्या कारखान्यात फिटर होते. पाना उचलण्याआधी यंत्राकडे नीट बघावे, ही शिकवण त्यांची. हरवले म्हणून आपण ज्याचा शोक करतो, ते कितीदा केवळ नजरेआड झालेले असते! म्हणून आधी साधेच पाहिले. कुणाचा पेन ड्राइव्ह मागे राहिला आहे का, ज्यात संगणक ती फाइल शोधत बसेल? नव्हता. हार्ड डिस्क संगणकाला दिसते का? कधी दिसे, कधी नाही. झाकण उघडले, तर धुळीच्या मऊ थराखाली डिस्कची केबल एका टोकाला सैल झालेली.

केबल बदलली. आता डिस्क दर वेळी दिसू लागली, पण ती ओळ हटेना. सैल जोडणीच्या धक्क्यांत फाइलही बिघडली असावी. फाइल परत बसवणे अवघड नव्हते. पण त्याआधी डिस्क काढून मी ती माझ्या लॅपटॉपला जोडली. जे पुन्हा निर्माण होणार नाही ते आधी सुरक्षित करावे, दुरुस्ती नंतर. हा नियम मी कधीच मोडत नाही. ड्रॉइंग्ज उतरत होती तेव्हा भाभी माझ्या खुर्चीची पाठ घट्ट धरून उभ्या होत्या. दोन ठिकाणी प्रती झाल्यावर मी त्यांना तसे सांगितले. त्या शेजारच्या स्टुलावर हळूच बसल्या.

मग डिस्क जागी बसवली, विंडोजच्या मूळ सीडीवरून संगणक सुरू केला आणि हवी ती फाइल व तिची जोडीदार, अशा दोन फायली परत ठेवल्या. सीडी काढली. पडदा क्षणभर काळा राहिला आणि मग हिरव्या टेकडीवरचे निळे आकाश संथपणे उजळले.

भाभींनी ते ड्रॉइंग उघडायला सांगितले. डाय रेखीव उतरली होती, पण एका छिद्राचे माप लिहायचे राहिले होते. मला वाटले, काम अडले. भाभींनी मात्र माउस माझ्या हातातून घेतला. पंधरा वर्षे सलीमभाई माप घेत आणि भाभी ते वहीत उतरवीत, हे त्यांनी तेव्हा सांगितले. कंपनीने नमुन्यासाठी पाठवलेली तडकलेली डाय कपाटातून काढून त्यांनी व्हर्नियरने छिद्र मोजले, खात्रीसाठी पुन्हा मोजले आणि आकडा टाकला.

खाली कोपऱ्यात ‘रेखाटन’ या शब्दापुढे सलीमभाईंचे नाव होते. ‘तपासणी’ची जागा रिकामी होती.

“इथं काय लिहायचं?” मी विचारले.

एकेक अक्षर शोधत, सावकाश, त्यांनी स्वतःचे नाव लिहिले. मग कारागिरांना हाक मारून मशीन चालू करायला सांगितले.