मी मोजणीवाला नाही

माझा उजवा हात थरथरतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढची सगळी भानगड त्याच्यापायी झाली.

बायको होती तोवर ही गोष्ट घराबाहेर गेली नाही. ती मला कप अर्धाच भरून द्यायची आणि पाहुण्यांना सांगायची, ह्यांना चहा गरम लागतो, म्हणून दोनदा घेतात. शर्टाची बटणं तीच लावायची आणि वर मलाच ओरडायची, की म्हातारपणी लाड करून घेता. पोटच्या पोरीलाही पत्ता नव्हता. गेल्या पावसाळ्यात बायको गेली. दिवसकार्य आटोपल्यावर मी पोरीला आमटी वाढायला गेलो, तर आमटी तिचं ताट सोडून सगळीकडे पडली.

"बाबा, हे कधीपासून?"

"आत्ताच. पळी जड आहे."

पोरगी आईवर गेली आहे, तिला थाप चालत नाही. म्हणाली, "गॅसजवळ तुम्हाला एकटं सोडणार नाही. घराला कुलूप लावू, पुण्याला चला." मी म्हटलं, पुण्यात मासे शिळे मिळतात. खरं कारण ते नव्हतं, पण खरं कारण मला तेव्हा तोंडातून काढता आलं नाही.

जावयाला पाखरांचे फोटो काढायचं वेड. दर थंडीत आमच्या किनाऱ्यावर येतो. त्याने मला बाजूला घेतलं. "बाबा, उडत्या पाखराचा एक स्वच्छ फोटो काढून दाखवा. हात हलला तर ह्या लेन्सने तो निघतच नाही. मग मी तिला समजावतो." कॅमेरा माझ्याकडे ठेवला. जाताना एक काठीही कोपऱ्यात टेकवून गेला आणि तिच्याबद्दल अवाक्षर बोलला नाही. जावई बरा आहे.

त्या काठीला मोनोपॉड म्हणतात. फोटोवाल्यांची तीन पायांची घोडी असते ना, तिचा एकच पाय. लेन्स म्हणजे दुधाची किटली, वजनाने आणि आकारानेही. काठी लावायची ती लेन्सच्या गळ्यातल्या कड्याला. कॅमेऱ्याला लावली तर पुढचं तोंड खाली जातं. मी शाळेत फारसा गेलो नाही, पण बोईसरला कारखान्यात जन्मभर लेथ चालवली. लांब सळी फिरताना थरथरायला लागली की मध्ये टेकू द्यावा लागतो, तसलंच हे. माझे दोन पाय, काठीचा एक, आणि कपाळ कॅमेऱ्याला चिकटवून श्वास धरायचा. गच्चीवर शेजाऱ्याच्या टीव्हीच्या छत्रीवर कावळा बसला होता, त्याचा फोटो असा आला की चोचीतला खरकटा भातसुद्धा दिसला. पण कावळा बसलेला होता. मला उडणारा हवा होता.

म्हणून एका सकाळी पोरीला न सांगता नवापूरच्या समुद्रावर निघालो. रिक्षावाल्याने पिशवीतून बाहेर आलेलं लेन्सचं तोंड बघून विचारलं, "चाचा, तोप है क्या?"

"हां, तेरे लिए ही लाया."

पुढे त्याने रिक्षा फार जपून चालवली.

ओहोटी होती. पाखरं पाण्याच्या कडेला. ओल्या वाळूत काठी रुतायला लागली, म्हणून खाली नारळाची करवंटी ठेवली. डोळा लावला, तर पाखरं सरकली. मी काठी उचलली, थोडा पुढे गेलो, करवंटी ठेवली, काठी रोवली, परत डोळा लावला. असं सगळ्या किनाऱ्यावर चाललं होतं. आपण लांबून कसे दिसतो हे माझ्या ध्यानातच आलं नाही. आमच्या भागात आता कोण कुठली जमीन कशासाठी मोजायला येईल ह्याचा नेम नाही. आज रस्ता, उद्या रेल्वे, परवा आणखी काही. काठी रोवून डोळा लावणारा माणूस दिसला की लोक हातातलं काम टाकून धावत येतात.

मागे वळलो तर जवळ्याची बारीक मासळी वाळत घालणाऱ्या बाया मला घेरून उभ्या. पुढे एक म्हातारी, माझ्याच वयाची, हातात कावळे हाकायची काठी.

"काय मोजतोस?"

"काही नाही. पाखरांचे फोटो काढतोय."

"पाखरं आमचा जवळा खातात, आमी दिवसभर त्यांना हाकतो, नि ह्यो त्यांचे फोटो काढतोय! खोटं पन नीट बोलता येत नाय ह्याला."

तिने मोनोपॉड उपटला. कॅमेरा वर तसाच, मी घाईघाईने सोडवून छातीशी धरला. "साहेबाला फोन लाव तुज्या," ती म्हणाली.

माझी साहेब एकच. मी पोरीचा नंबर काढला, तर दुसऱ्या एका बाईने फोन घेऊन सरळ व्हिडिओच लावला. पडद्यावर पोरगी आली. "बाबा? मागे समुद्र कसला? तुम्ही आहात कुठे?"

म्हातारीने तोंड पुढे घातलं. "बाय, ह्यो तुजा बाप मोजनीवाला हाय का?"

"मावशी, त्यांना चहात साखर मोजून घालता येत नाही! त्यांचा हात थरथरतो, ते काय मोजणार?"

जी गोष्ट मी चार भिंतींत लपवली, ती आता समुद्रावर जाहीर झाली. वर म्हातारीला पुरावा हवा. "काठी नाय मिळायची. हातानं काढ माजा फोटो, बगू."

काढला. तिने बघितला. "अगो बाय! तीन तोंडं! माज्या घोवाला एकच भारी झालं होतं." बाया वाळूत बसून हसल्या. पोरगीही हसली, आणि मग तिने तो फोटो फोनसमोर धरायला लावला. तिला कळलं की हात किती हलतो.

"बघितलंत ना, बाबा? आता तरी या. तिथे तुमचं कोण आहे?"

एवढ्या बायांसमोर रडायचं नव्हतं, म्हणून ओरडलो. "कोणी नाही! पण इथे भाजीवाली विचारते, आजी असती तर वालपापडी घेतली असती ना. गिरणीवाला विचारतो, पीठ आजी घ्यायची तसंच दळू का. रोज कोणीतरी तिचं नाव काढतं. तुझ्या बिल्डिंगमध्ये तिला ओळखतो कोण? तिथे आलो की ती संपली."

एक कावळा जवळ्यावर उतरला, त्याला कोणी हाकललं नाही.

मग पोरगी नाक ओढून म्हणाली, "गॅस काढून विजेची शेगडी बसवते. रोज सकाळी व्हिडिओवर दिसायचं. पावसाळ्यापर्यंत राहा, मग बघू. आणि फोन त्या काठीला लावा, हलला की मला चक्कर येते."

"लावतो," मी म्हटलं आणि काठीसाठी हात पुढे केला.

म्हातारीने काठी मागे घेतली. "रिक्षात बसल्यावर. तुजी पोरगी चांगली हाय, पन तू नक्की कोन हाय ते आमी अजून बगतोय."

काठी खांद्यावर टाकून ती पुढे, मी किटली घेऊन मागे, अशी आमची वरात रस्त्यापर्यंत गेली. मी रिक्षात बसलो तेव्हा तिने काठी आत सारली आणि रिक्षावाल्याला दम भरला, "सीदा घर छोड. बीच में उतरके कुच गाडने लगा, तो हमको आके बोल."