न कापलेल्या पाटल्या

भूपाल गेल्याचा फोन त्याच्या मुलाने, महावीरने केला, तेव्हा मी कोल्हापूरच्या गुजरीतल्या आमच्या सराफी दुकानात होतो. दुकान आता मुलगा बघतो. मी नुसता गादीवर बसतो. फोन ठेवला आणि डोळ्यांत पाणी येण्याआधी मला सुटल्यासारखं वाटलं... आता विचारणारा कुणी उरला नाही, असं. शाळेपासूनच्या दोस्ताच्या मरणावर मनात पहिला विचार हा आला, त्याची लाज घेऊनच मी कागलला गेलो. त्यालाही आता काही आठवडे झाले. सुटलो वगैरे काही नाही. मला माफ करू शकेल असा एक माणूस होता, तो गेला, इतकंच.

भूपाल, सगळ्यांचा आण्णा, कागलचा, जैन शेतकरी कुटुंबातला. ऊस, थोडा गुळाचा व्यापार, आणि आवाज असा की रस्त्यावरून हाक मारली तर शेजारच्या चार दुकानांतली माणसं बाहेर बघायची. कोल्हापुरात आला की माझ्याकडे चहा ठरलेला. चहा पिता पिता माझ्याच गिऱ्हाइकांना शहाणपण शिकवायचा. "पावणं, पक्की पावती घ्या. ह्यो वसंता माझा दोस्त हाय म्हणून सांगतोय, सराफावर इश्वास ठिवू नका." गिऱ्हाईक हसायचं, मीही हसायचो. स्वतः त्याने माझ्याकडून कधी पावती घेतली नाही. द्यायला गेलो तर म्हणायचा, "ती ठेव आणि त्यात वडा बांधून दे कुणाला तरी."

महावीरचं लग्न ठरलं त्या सुमाराची गोष्ट. हॉलमार्कची सक्ती तेव्हा नव्हती. एक विधवा बाई हातातल्या जुन्या, नक्षीच्या पाटल्या मोडायला आली होती. आमच्या वडिलांची एक शिस्त होती. बाईच्या हातातून उतरलेली पाटली तिच्या देखत कापायची नाही. दगडावर कस घ्यायचा, वजन करायचं, पैसे द्यायचे, आणि ती पायरी उतरून गेल्यावर पाटली कापून आतलं बघायचं. बहुतेक वेळा त्यात काही बिघडत नसे. त्या दिवशी मी पाटली दगडावर घासली, रेघ चांगली पिवळी उमटली. हाताला त्या जरा हलक्या लागल्या होत्या का? आज वाटतं, लागल्या होत्या. पण लगीनसराईची गर्दी होती, बाई रडत होती. ती गेली आणि मी कातर हातात घ्यायच्या आत भूपाल आला. सुनेसाठी जुन्या घडणीचं काही हवं होतं त्याला. ताटातल्या पाटल्या उचलून त्याने उजेडात धरल्या. "आरं, हे काम आता कोण करतंय? कापू नगंस. मला दे." कापल्या असत्या तर नक्षी गेली असती. मी उजळून दिल्या. मित्राला, सोनं म्हणून.

पुढे काही वर्षांनी महावीरला राजारामपुरीत औषधांचं दुकान टाकायचं होतं. बँकेत सोनं तारण ठेवायला गेला. तिथल्या माणसाने पाटल्या पाण्यात तोलल्या, मग परवानगी घेऊन एक कापली. वर सोन्याचा जाड पत्रा, आत तांबं.

भूपाल दुसऱ्या दिवशी दुकानात आला. त्या दिवशी बाहेरून हाक नाही. रुमालात बांधलेल्या पाटल्या त्याने माझ्यासमोर ठेवल्या आणि हळू विचारलं, "वसंता, ह्या तू दिलेल्याच हायत का?"

मी बघताक्षणी ओळखल्या. समोर दोन गिऱ्हाइकं बसली होती. कुणाच्या तरी मुलीच्या लग्नाचं सोनं चाललं होतं. मी पाटल्या हातातही न घेता म्हणालो, "आण्णा, माझ्या दुकानातून खोटं सोनं जात नाही. घरात चौकशी कर."

"घरात म्हंजे कुणाकडं?"

मी कुणाचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती. त्यांच्या घरातल्या कपाटाची किल्ली एकाच माणसाच्या कमरेला असायची. भूपालची थोरली बहीण, लहान वयात विधवा होऊन माहेरी आलेली, भूपालला अंगाखांद्यावर वाढवणारी अक्का. भूपाल रुमाल बांधून उठला. गिऱ्हाइकं गेल्यावर मी त्याच्या मागे धावलो असतो तरी चाललं असतं. नाही धावलो. संध्याकाळी जावं म्हटलं, मग उद्या, मग पुढच्या आठवड्यात... आणि मग सांगायची गोष्ट पाटल्यांची राहिली नाही, इतके दिवस गप्प का बसलो याची झाली.

त्याने घरात आरडाओरडा केला नाही. आवाज असा असूनही नाही. फक्त म्हणाला, "अक्का, किल्ली सुनेकडं दे." तिनं काढून दिली. हे मला त्यानेच सांगितलं, माझ्याच गादीवर बसून. आपलंच माणूस, बोलायचं कुणाला, म्हणाला. आणि मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला समजावलं की जाऊ दे, काही अडचण असेल तिची, माफ कर. हे वाक्य मी बोललो आहे. नंतरची सगळी वर्षं तो येत राहिला, गूळ आणत राहिला. गिऱ्हाइकांना पावती घ्या म्हणून सांगणं मात्र त्याने बंद केलं. रुग्णालयात शेवटचं भेटलो तेव्हा ऑक्सिजनची नळी बाजूला करून म्हणाला, "तू सांगितलंस म्हणून माफ केलं बघ अक्काला." सून औषध घेऊन आत आली. मी खिडकीकडे बघत राहिलो.

हे छापू नये असं माझ्या मुलाचं म्हणणं आहे. त्याचंही बरोबर आहे. दुकान त्याला चालवायचं आहे. आज आमच्याकडे यंत्र आहे, हॉलमार्क आहे, पावतीशिवाय काही जात नाही. तरी वाचणाऱ्यांना सांगतो, ओळखीच्या दुकानात जास्त तपासा. अनोळखी सराफाला तुम्ही चार प्रश्न विचारता. मित्राला विचारत नाही, आणि मित्रही मग स्वतःला विचारायचं विसरतो.

मागच्या आठवड्यात कागलला गेलो. अक्का सोप्यात शेंगा फोडत होत्या. त्यांना सगळं सांगितलं. त्यांचा हात थांबला नाही.

"आण्णाला सांगितलं हुतंस?"

"नाही."

"मग मला का सांगतोस? मी न्हाय घेतलं, हे मला ठावं हाय की."

मग मी महावीरला आणि सुनेला, सुप्रियाला, तिथेच बोलावलं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. महावीर उठून अंगणात निघून गेला. सुप्रियाने कमरेची किल्ली काढून अक्कांच्या सुपाशेजारी ठेवली. अक्कांनी ती घेतली नाही. थोड्या वेळाने उठल्या, आण्णाचा चष्मा त्याच्या खोलीत पडलाय, वसंताला दाखवते, म्हणाल्या. कपाट त्याच खोलीत आहे. दारापर्यंत गेल्या आणि थांबून त्यांनी मागे वळून हाक मारली, "सुप्रिया, जरा ये गं."

सुप्रियाने खालच्या आवाजात मला सांगितलं की किल्ली दिली त्या दिवसापासून अक्का एकट्या त्या खोलीत गेलेल्या नाहीत. मामंजी आजारी होते तेव्हाही कुणी सोबत येईपर्यंत दारातूनच त्यांच्याशी बोलायच्या. तेही आतून बोलायचे... 'आत ये' म्हणायचे नाहीत.

"अक्का, जावा की आता," सुप्रिया म्हणाली. "एकट्या जावा."

अक्कांनी चौकटीला हात लावला. आतल्या कॉटवर भूपालची घोंगडी नीट घडी करून ठेवलेली दिसत होती, उशाशी चष्मा. त्या तिथेच उभ्या राहिल्या, सुप्रिया उठून शेजारी येईपर्यंत.