एकविसाव्या लॅपनंतरचा आवाज

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टींची टिंगल करणारा माणूस आहे. ह्याच ग्रुपवर लोकांचे अनुभव वाचून मी "पाणी प्या आणि झोपा" अशा कमेंटी टाकलेल्या आहेत, जुन्या मेंबरांना आठवत असतील. आमच्या घरात अंगारे-धुपारे, उतारे, काही म्हणजे काही चालत नाही. वडील म्हणायचे, आधी पुरावा दे, मग तोंड उघड. तर पुरावा आहे तेवढा देतो... पुढं तुमचं तुम्ही बघा.

पावसानं सलग दुसऱ्या वर्षी दगा दिला होता. शहराला तेव्हा आम्ही औरंगाबादच म्हणायचो. बीड बायपासच्या पलीकडं, सातारा परिसरात आमचा नवीन फ्लॅट. चारी बाजूंनी स्लॅब पडत होते अन् पाणी मात्र टँकरचं. मी वाळूजला सीएनसी मशीनवर कामाला. आणि नाद एकच, सिम रेसिंग. म्हणजे कॉम्प्युटरवर खऱ्यासारखी गाडी पळवायची, समोर देशभरातली पोरं, त्यांच्यासोबत शर्यत. स्टिअरिंग बायकोच्या शिलाई मशीनच्या टेबलाला क्लॅम्प केलेलं. सुजाता म्हणायची, "चाळिशी आली तरी घुर्रर्र घुर्रर्र चालूच आहे तुमचं!" म्हणू दे.

ह्या शर्यतीत नुसतं पळवून भागत नाही. पेट्रोल किती उरलं, टायर किती झिजले, पेट्रोल भरायला पिटमध्ये कधी जायचं, हा सगळा हिशोब लागतो आणि तो मला गाडी चालवता चालवता अजिबात जमत नाही. ते काम विलासचं. विलास देवगाव रंगारीचा, मेंढपाळाच्या घरचा. आधी माझ्याच कंपनीत हेल्पर होता, कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर गावी गेला. वय सव्वीस. डोकं असलं की मी थक्क व्हायचो. दर लॅपला, म्हणजे ट्रॅकची एक फेरी संपून लाईन ओलांडली की मी पेट्रोलचा आकडा सांगायचा, आणि तो फोनवरच्या ग्रुप कॉलवरून लगेच सांगणार, "अकरा लॅप जातील दादा, अजून जरा वाचीव." लॅप मोजायला त्याच्याकडं दोन वाट्या. एकीतला मक्याचा दाणा दुसरीत टाकायचा. आबा, म्हणजे त्याचे वडील, वाड्यातून मेंढरं सोडताना असेच दाणे टाकून मोजायचे. मी हसायचो. पण सगळ्या सीझनमध्ये त्याचा एक लॅप चुकला नाही.

एक नियम आम्ही ठरवलेला होता. त्याचं घर शेतात, रेंज कधी जाईल नेम नाही. तीन लॅप आवाज आला नाही तर सुजातानं आबांना फोन लावायचा, आबांनी जाऊन बघायचं. सीझनमध्ये दोनदा तसं झालंही होतं. दोन्ही वेळा आबा धापा टाकत घरी गेले, आणि एकदा तर हे महाराज खाटेवर घोरत सापडले!

चॅम्पियनशिपचा शेवटचा वीकेंड. शनिवारी क्वालिफाइंगमध्ये, म्हणजे कोण कितव्या जागेवरून सुटणार हे ठरवणाऱ्या फेरीत, सातवा आलो. रविवारी दुपारी दोनला मेन रेस, अठ्ठेचाळीस लॅप, साधारण दीड तास. पुण्याच्या एका पोराच्या पुढं राहिलो की ट्रॉफी आपली. टाकी चालायची एकवीस लॅप, म्हणून सगळे दोनदा पिटमध्ये जाणार हे उघड होतं. विलासनं सकाळीच सांगितलं, "आपण एकदाच जायाचं. चोवीस लॅप अलीकडं, चोवीस पलीकडं. दर वळणाच्या आधी थोडा लवकर पाय उचल, पेट्रोल वाचंल. तू फकस्त मी सांगतो तेवढं ऐक. आज जिंकलो ना दादा, तर मी ह्यातच कुठंतरी काम बघतो. मेंढरामागं नाय जायाचं मला." त्याच्या आवाजातला हट्ट मला अजून ऐकू येतो.

रेस सुरू झाली. एकोणिसाव्या लॅपपर्यंत सगळं प्लॅनप्रमाणं. मग तो म्हणाला, "दादा, लाईट आलीय, मोटर नुसती हवा वढतीय. विहिरीचं पाणी अजून खाली गेलं वाटतं. दोन लॅप गप ऱ्हातो, मोटर खाली सरकवून येतो."

"आत्ताच?"

"आता नाय सरकवली तर लाईट जाईल परत. मेंढरं तहानेली हायेत. आलोच."

त्या गावात थ्री-फेज लाईट ठराविक तासच यायची, तेवढ्यात काय पाणी उपसायचं ते उपसा. मी बरं म्हणालो. मीच म्हणालो.

एकविसाव्या लॅपला लाईन ओलांडली, सवयीनं आकडा सांगितला, आणि कानात उत्तर आलं. "तीन लॅप. चोविसाव्याला आत." मी म्हणालो, "झाली का मोटर?" त्यावर काही नाही. पुढच्या लॅपला पुन्हा बरोबर आकडा. मला वाटलं, कामात आहे, असू दे. एक गोष्ट तेव्हाच जाणवली होती... आवाज फार स्वच्छ होता. एरवी त्याच्याकडून वारा, कावळे, कुत्रं, सगळं ऐकू यायचं. त्या दिवशी मागं काहीच नाही. मी मूर्खासारखा खूश झालो की आज रेंज झकास लागली!

चोविसाव्याला आत गेलो, टाकी भरली, निघालो. मग शेवटपर्यंत दर लॅपला आवाज. "वाचव." "एवढंच ठेव." "आता सोड." चौतिसाव्या लॅपला म्हणाला, "पुढच्या वळणावर डावीकडं राहा." मी राहिलो. वळण घेतलं तर दोन गाड्या उजव्या बाजूला आडव्या. विलास रेस यूट्यूबवर बघायचा, तिथं चित्र अर्धा मिनिट उशिरा दिसतं. त्याला ते माझ्या आधी कळायचं काही कारणच नव्हतं. पण रेसमध्ये एवढा विचार कोण करतो?

शेवटच्या लॅपला टाकीत थेंबभर पेट्रोल उरलं होतं. पुण्याचा पोरगा चार सेकंद मागं. मी ओरडलो, "विल्या, जिंकलो रे!" कानात शांतता. पुन्हा हाक मारली. तेव्हा कुठं लक्षात आलं की एकविसाव्या लॅपपासून त्यानं मला एकदाही दादा म्हटलेलं नव्हतं.

मी लगेच आबांना फोन लावला. वीस मिनिटांनी त्यांचा फोन आला. ते नुसते रडत होते.

विलास विहिरीत होता. शेवटच्या कपारीवरून पाय घसरला, खाली दगडावर पडला. मांडीचं हाड मोडून बाहेर आलेलं. कमरेएवढ्या पाण्यात भिंतीला टेकून बसलेला सापडला. आबांनी हात लावला तेव्हा अंग गरम होतं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, रक्त जाऊन जाऊन गेला, अर्धा तास आधी आणला असता तर वाचला असता. ओरडला असेल हो तो. किती ओरडला असेल...

त्याचा फोन अंगणातल्या खाटेवर होता, उन्हानं तापून बंद पडलेला. कॉलची नोंद मी बघितली. विलास कॉलमधून बाहेर पडल्याची वेळ विसाव्या लॅपमधली आहे. दुसऱ्या वाटीत मक्याचे दाणे एकोणीस. रेसचं रेकॉर्डिंग माझ्याकडं आहे, त्यात फक्त माझा आवाज. मी आकडा सांगतो, थांबतो, मग म्हणतो, "नऊ लॅप? बरं." ते सगळे आकडे मी नंतर एक्सेलमध्ये टाकून तपासले. एकही चुकलेला नाही. मित्र म्हणाले, तुझ्याच डोक्यानं केला हिशोब. अरे, मला टँकरचे पैसे चार फ्लॅटमध्ये वाटता येत नाहीत!

लोक म्हणतील, मित्र होता, जाता जाता जिंकवून गेला. सुजाताच्या आईनं हेच म्हटलं, आणि मी ताटावरून उठलो. विलास होता तर त्यानं आकडे का सांगितले? विहिरीत पडलोय, आबांना फोन लाव, एवढं एक वाक्य का नाही बोलला? तो आवाज आला नसता तर बाविसाव्या लॅपला सुजातानं फोन लावला असता. त्या आवाजानं मला रेस जिंकून दिली आणि विलासला विहिरीत राहू दिलं. तो कोण होता, मला माहीत नाही. बरीच वर्षं झाली, आजही नाही. टेबलावरचं स्टिअरिंग मी त्याच आठवड्यात काढलं.

दहाव्याला देवगावला गेलो. विधी उरकल्यावर आबा माझ्याजवळ येऊन बसले. मग बंडीच्या खिशावर हात ठेवून म्हणाले, "फोन हितंच व्हता रं माझ्या. मी दोन वावरं सोडून व्हतो. तीन लॅप गप ऱ्हायला की फोन करायचा, आसं तुमीच ठरीवलं व्हतं ना? मंग का नाय केला?"

काय सांगणार होतो? तुमचा मुलगा माझ्याशी बोलत होता म्हणून?

"रेस चालू होती, आबा," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, उठले आणि मेंढरांकडं गेले. त्यानंतर ते माझ्याशी बोललेले नाहीत.