जीपचं काय करू

परतवाड्यात आमच्या शेजारी राहणारा तो माणूस सेमाडोहच्या घाटात बंद पडलेल्या गाड्या आपल्या जुन्या जीपला टोचन लावून ओढून आणायचा. सकाळी फाटकाशी उभा राहून, दोराचा पीळ काढत तो मला विचारी, “भाऊ, जीपच्या इंजनचं काम करू का नवीन गाडीच घेऊ?” काम करा म्हटलं, की म्हणे, “बराबर हाय तुमचं.” विकून टाका म्हटलं, तरी “बराबर हाय.” मग तोच प्रश्न घेऊन पुढच्या फाटकाशी जाई. मी चिडायचो. ज्याला करायचं काहीच नाही, त्याने विचारावं कशाला?

मागच्या महिन्यात त्याने जीप भंगारात दिली. त्याच्या दारापुढे तेलाचा काळा डाग तेवढा उरला. काही दिवस तो दिसलाच नाही. मग एका सकाळी फाटक वाजलं. हातात दोर होताच. डागाकडे पाठ करून त्याने विचारलं, “भाऊ, इंजनचं काम करू का नवीन गाडीच घेऊ?”

मी आतून खुर्ची आणली. म्हटलं, “बसा. पयले इंजनले काय झालं ते सांगा.”