स्थळाची चौकशी

आमच्या भागात लग्न जमवताना चौकशी करतात. मुलगी पाहून झाली, मुरमुऱ्यांचा सुशीला आणि चहा झाला, पत्रिका जुळल्या, की मुलीकडचा एखादा जाणता माणूस मुलाच्या ओळखीतल्या दोघा-चौघांना गाठतो आणि विचारतो, मुलगा कसाय? हे लोक नात्यातले नसावेत, म्हणजे खरं सांगतात असा समज आहे. खरं कुणीच सांगत नाही. कुणाच्या संसारात माती कशाला घाला, म्हणून सगळे चांगलंच सांगतात. विचारणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. तो शब्द ऐकतच नाही, आवाज ऐकतो. सांगणारा जरा अडखळला की स्थळ गेलं.

असा एक फोन मला आला. ज्याची चौकशी होती तो माणूस आणि मी गेली दहा-अकरा वर्षं एकत्र आहोत. एकत्र म्हणजे मी लातूरला आणि तो नांदेडला. हे वाक्य मी पहिल्यांदाच लिहितोय. लिहिलं आणि उठून दाराची कडी लागली आहे का ते पाहून आलो. मी घरात एकटाच राहतो.

लातूरच्या एका मोठ्या क्लासमध्ये मी जीवशास्त्र शिकवतो. डॉक्टरकीच्या 'नीट' परीक्षेच्या तयारीला आलेली पोरं बिचारी झोपेतसुद्धा पेशीचे भाग बडबडतात. औसा रोडला आमच्या क्लासचा फ्लेक्स आहे, त्यावर हाताची घडी घातलेला मी आहे. अंगातला कोट फोटो स्टुडिओवाल्याचा होता. मापाला मोठा, म्हणून मागून टाचण्या लावून आवळला होता. तो फ्लेक्स दिसला की मला मळमळतं. नांदेडच्या विद्यापीठात बेडकांवर संशोधन करता करता मी ते अर्धवट सोडलं आणि या धंद्यात आलो. आता वर्षानुवर्षं तेच धडे, तेच विनोद, विनोदावर त्याच ठिकाणी तेच हसू. पालक पाया पडतात. मी पडू देतो.

त्या वर्षी क्लासचे मालक नांदेडला शाखा काढणार होते. "तिकडची सगळी जबाबदारी तुम्हीच घ्या सर," ते मला म्हणाले होते. वर हसत म्हणाले, "फक्त एक करा. आता तरी एखादी बाई बघा. पालकांना संसारी माणूस बरा वाटतो." मी पण हसलो. या हसण्याची मला इतकी सवय आहे की ते आपोआप येतं, ढेकर यावा तसं. पण मनात मी नांदेडला घर घेऊनही झालो होतो. एका गावात राहायचं, संध्याकाळी एकमेकांकडं जायचं, एवढ्यासाठी इतकी वर्षं वाट पाहिली होती.

आणि मधल्या सुट्टीत, स्टाफरूममध्ये, तो फोन आला.

"सर, मी किल्लारीहून बोलायलोय. माझी पोरगी तुमच्याकडं अकरावीला हाय."

मला वाटलं, मार्कांचं काही असेल.

"न्हाई न्हाई, अभ्यासाचं न्हाई. माझ्या बहिणीसाठी नांदेडचं स्थळ आलंय. बी-बियाण्याचं दुकान हाय म्हणं. मूळ गाव इस्लापूरकडचं. मुलगाच म्हणला, लातूरच्या सरांना विचारा, त्यांच्याइतकं मला कुणी वळखत न्हाई."

समोर गणिताचे सर डब्यातली मेथीची भाजी खात होते. मी म्हणालो, "हो, ओळखतो."

"काही नाद?"

"नाही."

"पिणं-बिणं?"

"नाही हो."

"तसं काही बायाबापड्यांचं..."

"छे."

यातलं एकही उत्तर खोटं नव्हतं. इतकी खरी उत्तरं देऊन मी इतकं मोठं खोटं बोलत होतो. आणि तेवढ्यावर थांबलो नाही. कुणी न विचारता म्हणालो, "माणूस सोन्यासारखा आहे. डोळे झाकून द्या."

आवाज जरासुद्धा हलला नाही. जन्मभर माईकवर बोललेल्या माणसाचा आवाज हलत नसतो. पलीकडून तो भाऊ म्हणाला, "बास सर, तुमचा शब्द आला, आता इचार न्हाई." मग मी वर्गात जाऊन पचनसंस्था शिकवली. आतड्यांची आकृती काढताना हाताला खडू चिकटल्यासारखा वाटत होता. तास संपल्यावर किती वेळ हात धूत उभा होतो.

रविवारी, नेहमीसारखा, अहमदपूर-लोहामार्गे नांदेडला गेलो. दुकान बंद होतं. मागच्या खोलीत खताची पोती आणि कीटकनाशकांचा तो वास, जो त्याच्या अंगालाही असतो आणि मला एरवी आवडतो. त्या दिवशी मी नाकाला रुमाल लावला.

तो गॅसवर चहा ठेवत होता. माझ्याकडं न बघता म्हणाला, "मग? पास केलं का न्हाई पोराला?"

"माझा नंबर का दिलास?"

"मग कुणाचा देऊ? हमालाचा?" तो हसला. "माझ्या वळखीत फ्लेक्सवर फोटो असलेला माणूस एकच हाय."

"लाज वाटत नाही?"

"तुला वाटली का सांगताना?" चहात साखर टाकून त्यानं चमचा पातेल्यावर आपटला. "माझी माय जेवायची थांबलीय. दोन दिवस झाले, ताट सरकवून देते. म्हणते, मी मेल्यावर तुला भाकर कोण घालील? भावजय तर पाहुण्यांसमोर म्हणली, भावजींना औषध द्यावं लागतंय का काय. तुझी माय मरून गेली, तुला काय कळायलंय."

मी पातेल्याखालचा गॅस बारीक केला.

"आणि आपलं काय मोडतंय रे?" तो जवळ येऊन बसला. "उलट बरंच हाय. तू इकडं येणार. मी संसारी. सर घरी आले तर कोण काय म्हणतंय? ती चहा आणून देईल. रविवार तुझाच हाय की."

ती चहा आणून देईल. जिला मी पाहिलंही नव्हतं अशी एक बाई त्याच्या बोलण्यात ट्रे घेऊन आत आली आणि बाहेर गेली. मला किळस आली. त्याची आली, त्याच्या आईची आली, त्या उपाशी राहण्याची आली.

पण आता सगळंच सांगायचं ठरवलंय तर हेही सांगतो. किळस येण्याच्या आधी, क्षणभर, मला सुटल्यासारखं वाटलं होतं. वाटलं, खरंच बरं होईल. मालकही गप्प बसतील, शेजारीही. त्याची बायको आम्हा दोघांच्या अंगावर पांघरूण होईल. हा विचार माझा होता, त्यानं मला दिलेला नव्हता. तो फक्त मोठ्यानं बोलला. चहा न पिताच मी निघालो. बसमध्ये मला त्याचा राग येत राहिला, कारण स्वतःवर यायला हवा तो राग माझ्याच्यानं पेलवत नव्हता.

नंतरच्या आठवड्यात पालकभेट होती. दुपारी पालकांची रांग ओसरली तेव्हा एक बाई आत आल्या. पस्तिशीच्या आसपास. हातात कापडी पिशवी, तिच्यात भाचीसाठी आणलेला लाडवांचा डबा. भाचीचं नाव सांगितलं, मार्क विचारले, मी सांगितले. तरी त्या उठेनात.

"दादानं तुम्हाला फोन केला होता," त्या म्हणाल्या.

तेव्हा मला कळलं या कोण आहेत.

"सोन्यासारखा म्हणालात म्हणे."

"हो. म्हणजे..."

"सोन्यासारखा माणूस चाळिशीपर्यंत तसाच कसा राहिला, सर? आमच्याकडं तर पितळसुद्धा पंचविशीला उचलतात." त्या जराशा हसल्या, मग नाही हसल्या. "माझं वय झालंय. अण्णा, माझे वडील, अंथरुणावर होते, त्यांचं करण्यात माझं राहून गेलं. सगळे म्हणतात, आता चिकित्सा करू नको. नाही करत. पण ते घरी आले तेव्हा त्यांनी सुशीला खाल्ला, टीव्हीकडं बघितलं, दादाशी पावसापाण्याचं बोलले. माझ्याकडं एकदा पण बघितलं नाही. वहिनी म्हणते, लाजाळू आहेत. मला तुम्हाला एकच विचारायचंय. त्यांना लग्न करायचंय का?"

चौकशीत हा प्रश्न कुणी विचारत नाही. दारू विचारतात, जमीन विचारतात. या प्रश्नाचं खोटं उत्तर माझ्याकडं तयार नव्हतं.

"नाही," मी म्हणालो.

"दुसरं कुणी आहे?"

"आहे."

"मग तिकडं का करत नाहीत? जातीचं आहे का?"

"करता येत नाही."

"कोण आहे? मला नाव नको. तुम्ही ओळखता का, एवढंच सांगा."

बाहेर शिपाई खुर्च्या ओढत होता. तो जाईपर्यंत थांबावं असं वाटलं. थांबलो असतो तर माझ्या तोंडून पुन्हा काहीतरी गुळगुळीत निघालं असतं.

"मीच आहे," मी म्हणालो.

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. कळलं तसं चेहऱ्यावर दिसलं. मग त्यांनी टेबलावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली. आता 'शी' म्हणतील, मला वाटलं. हा चेहरा मी आयुष्यभर स्वप्नात पाहिला होता, आईच्या तोंडावर, मालकांच्या तोंडावर, अख्ख्या वर्गाच्या तोंडावर.

"तुम्ही दादाला म्हणालात, डोळे झाकून द्या," त्या म्हणाल्या.

"हो."

"शी."

मी मान खाली घातली.

"तुमचं जे काय आहे ते मला कळत नाही, कळून घ्यायचं पण नाही," त्यांचा आवाज आता कापत होता. "पण तुम्ही दोघं मिळून मला नेणार होता. भाकरी थापायला. आणि मी जन्मभर स्वतःतच खोट शोधत बसले असते, की आपल्यातच काय कमी आहे म्हणून हा माणूस बघत नाही. तुम्ही मास्तर आहात ना?"

माफी मागायला तोंड उघडलं तर त्या उठल्या. "नका," म्हणाल्या. "त्याचं मी काय करू?" भाचीचा डबा तेवढा टेबलावर ठेवला. "तिला द्या. तूप जास्त झालंय म्हणावं."

लाडू मी त्यांच्या भाचीला दिले. पुढचे आठ-पंधरा दिवस मी रोज वाट पाहत होतो. आज मालक बोलावतील, आज किल्लारीहून माणसं येतील, आज कुणी फ्लेक्सवर काहीतरी लिहून ठेवेल. भावाचा फोन आला तेव्हा मी जिन्यात होतो.

"सर, वाईट वाटून घेऊ नका. बहीण न्हाईच म्हणली."

"का?"

"काय सांगू आता. म्हणते, त्याच्या अंगाला औषधाचा वास येतो. फवारणीचा. आता शेतकऱ्याच्या घरात वाढलेली पोरगी, हिला वासाचं काय? पण ऐकत न्हाई. तुमचा शब्द वाया गेला बघा."

त्या बाईंनी मला वाचवलं की मला नुसतं आपल्या आयुष्यातून झटकून टाकलं, ते मला माहीत नाही. पण हे त्यांनी माझ्यावर केलेले उपकार समजून मी हातपाय पसरून बसायला लागलो, तर मी पुन्हा तोच माणूस.

त्याला मी स्वतः फोन करून सांगितलं. काय बोललो, कुणाला बोललो, सगळं. आधी तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "माझं तू कसं काय सांगितलंस? तुझं सांगायचं होतं तर तुझं सांगायचं. माझं वाटोळं करायचा तुला कुणी अधिकार दिला?" हे त्याचं खरं होतं. त्याला न विचारता मी त्याला उघडं पाडलं होतं. पण त्याला विचारलं असतं तर मी आजही कुणालातरी फोनवर सांगत बसलो असतो, माणूस सोन्यासारखा आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीनं दुसरी धुतली जात नाही.

त्यानंतर त्याचा फोन येणं बंद झालं, आणि नांदेडच्या शाखेला मी नको म्हणालो. मालक म्हणाले, "अहो, डोकं फिरलंय का? तुमच्या तोंडाकडं बघून तिथली जागा घेतली." मी म्हणालो, माझ्या तोंडाकडं बघून काही घेऊ नका. त्यांना तो विनोद वाटला. एका गावात राहायचं ते माझं इतक्या वर्षांचं गोड स्वप्न, त्यातला एक कोपरा मी एका अनोळखी बाईच्या जिवावर सजवला होता. आता ते आठवलं तरी तोंड कडू होतं. त्याच्याशिवाय तिकडं जाऊन पुन्हा पचनसंस्थाच शिकवायची असेल, तर ती इथंही शिकवता येते. ती शिकवायचीय का, हा प्रश्न मी अजून स्वतःला सरळ विचारलेला नाही.

परवा त्याचा फोन आला. बऱ्याच महिन्यांनी. आवाज ओळखीचा, पण कामापुरता.

"देगलूरकडचं एक स्थळ आलंय. माय ऐकत न्हाई."

"बरं."

"तुझा नंबर देऊ का?"

मला वाटलं, चेष्टा करतोय. करत नव्हता.

"दे," मी म्हणालो. "पण विचारलं तर खरं सांगीन. या वेळेला तुला आधी सांगून ठेवतो."

दुकानात कुणीतरी कपाशीच्या बियाण्याचा भाव विचारत होतं, त्याला त्यानं उत्तर दिलं नाही.

"मग मी कुणाचा देऊ?" तो म्हणाला. "मला दुसरं वळखतंय कोण?"

त्यात टोमणा नव्हता. तो खरंच विचारत होता. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला त्याची किळस आली नाही. म्हणालो, "मग देऊ नकोस. मायलाच जाऊन खरं सांग."

"तू येशील का संगं?"

इस्लापूरला, त्याच्या आईसमोर, पाटावर बसून. मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. "रविवारी येतो," म्हणालो, "मग बघू," आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की 'मग बघू' म्हणूनच माझी सगळी वर्षं गेली. परत फोन लावला. तो गिऱ्हाइकात होता, घाईत म्हणाला, "काय?"

"येतो संगं," मी म्हणालो.