चिटणीस सरांचा पाचवा प्रश्न

चार म्हातारे रोज एका बाकावर बसले की किस्से साठतातच. त्यात नातीने माझ्या मोबाईलमध्ये ऑडिओबुकं टाकून दिली, आणि अकोट्याच्या बागेतल्या आमच्या बाकावर तर किस्स्यांचा नुसता ढीग लागला!

मी प्रतापनगरच्या वर्कशॉपातला रिटायर फिटर. सातवी नापास. नापास करणारे चिटणीस सर आज अठ्ठ्याऐंशीचे. दोन वर्षांपूर्वी त्यांची नजर गेली आणि पुस्तक सुटलं. रोज बाकावर येऊन नुसते बसायचे. मी इयरफोन पुढे केला की म्हणायचे, "ऐकणं म्हणजे वाचणं नव्हे, जाधव."

मीही ठरवलं, सरांना पुन्हा पुस्तकाला लावल्याशिवाय सोडायचं नाही.

* * *

माझं पहिलं गिऱ्हाईक घरातच मिळालं. बायको कचोरीसाठी तुरीच्या शेंगा सोलायला बसली होती. मी शेजारी रहस्यकथा लावून दिली. खून झाला, पोलीस आले, शेंगा संपल्या. बघतो तर दाणे कचऱ्याच्या पिशवीत आणि सालं पातेल्यात!

मी हसलो तर म्हणते, "ते राहू द्या. खून भावाने केलाय, तुम्हाला कळलं का?"

* * *

दुसरा आमचा शिंदे, माझ्याच शॉपमधला वेल्डर. त्याला पुस्तक लावून देताना मी गुपचूप स्पीड दीडपट केला. दोन दिवस त्याने निमूट ऐकलं. मग म्हणाला, वाचणारा कंत्राटी दिसतो, फार घाई करतो बिचारा.

मी लगेच स्पीड अर्ध्यावर आणला. दुसऱ्या दिवशी शिंदे खुशीत. "कायम झाला रे तो!"

* * *

हाच शिंदे वाडीत एका शेठच्या बेसण्याला, म्हणजे शोकसभेला गेला. पांढरा सदरा, मान खाली, आणि कानटोपीच्या आत विनोदी पुस्तक चालू! हसू दाबता दाबेना. तोंडावर रुमाल, खांदे गदगदा हलतायत, डोळ्यांतून पाणी.

शेठच्या मुलाने येऊन मिठी मारली. "काका, बापूजींसाठी एवढं कुणीच रडलं नाही."

* * *

सरांना मात्र मी रोज चिडवत होतो. शेवटी ते भडकले. बंदरावरच्या एका मायलेकीची कादंबरी त्यांनी तरुणपणी वाचली होती, तीच मी नुकती ऐकून संपवली होती.

"पाच प्रश्न विचारीन," सर म्हणाले. "सगळे आले तर तुझं ते यंत्र कानात घालीन. एक जरी चुकला, तर या बाकावर ते पुन्हा वाजायचं नाही."

वर म्हणाले, जुनं वाचन आहे, आठवायला वेळ लागेल, रविवारी घेतो परीक्षा.

रविवारी मी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून हजर. होडीचं नाव विचारलं, सांगितलं. लेकीचं लग्न कुणी मोडलं, तेही सांगितलं. धडाधड चार प्रश्न बरोबर! शिंदे बोटं मोजत होता.

सरांनी काठीवर हनुवटी टेकली.

"नवव्या भागात आई लेकीचं पत्र वाचते. तिथे ती पुस्तक वाचून दाखवणारी बाई मध्येच थांबते आणि आवंढा गिळते. कोणत्या वाक्यावर?"

शिंदेची बोटं तशीच राहिली. मी हळूच म्हटलं, "सर, छापील पुस्तकात कुणी आवंढा गिळत नाही."

सरांनी काठी बाजूला ठेवली आणि इयरफोनसाठी हात पुढे केला.

"नापास," म्हणाले. "लाव तो नववा भाग, मी दाखवतो."