उमरग्याच्या रस्त्यावर सांडलेल्या कवड्या

भाकरीला चीर पडली की आमच्या घरातला दिवस तिथंच मोडायचा. माझी नात ओवी तेव्हा सहा वर्षांची होती. बोलत नव्हती. चिरलेली भाकरी दिसली की ताट भिंतीवर जायचं आणि मागोमाग तिचं डोकंही. कुकरची शिट्टी झाली की कान झाकून सुसाट पळायची. सून दवाखान्यात नर्स, त्यामुळं दिवसभर पोरगी माझ्याकडं. संध्याकाळपर्यंत माझी माया आटायची आणि देवीवरचा विश्वाससुद्धा.

तेव्हाची मी म्हणजे एक नमुनाच होते. गुडघे शाबूत, अक्कल बेताची. आवाज असा, की पलीकडच्या गल्लीतली म्हैस पान्हा चोरायची. ओरडलं की पोर सुधारतं अशी माझी पक्की समजूत. त्यात मी आई तुळजाभवानीला नवस बोलले: ओवी स्वतःच्या तोंडानं ‘उदो’ म्हणत पाच घरी जोगवा मागंल. म्हणजे नवस माझा आणि फेडायचा त्या मुक्या लेकरानं! सून म्हणाली, “आत्या, तिला नका छळू.” मी म्हटलं, “तू गप. देवीचं तुला काय कळतंय?”

मंगळवारी ओवीच्या हातात परडी दिली आणि निघालो. पहिल्या दारात मी तिच्या कानाशी, “म्हण, उदो. म्हण की गं!” तिचे ओठ घट्ट. दुसऱ्या दारात मी आवाज चढवला. तेवढ्यात आतून कुकरची शिट्टी झाली. परडी उडाली, पीठ सांडलं आणि ओवी अनवाणी पळत सुटली ती थेट हमरस्त्याकडं, हैदराबादकडं जाणाऱ्या ट्रकांच्या रांगेकडं.

मी मागं. “ओवीऽऽ! थांब!” मी जितकं ओरडावं, तितकी ती जोरात पळायची. पदर पायात येत होता. रस्ता चार पावलांवर राहिला.

तिथं बसची वाट बघत एक आराधीण बाई उभी होती, गळ्यात कवड्यांची माळ. तिनं वाकून दोन्ही हात आडवे केले. ओवी हातांखालून निसटताना तिची बोटं माळेत अडकली. दोरा तुटला. कवड्या डांबराच्या कडेला टपटप सांडल्या.

ओवी थांबली.

खाली बसली आणि कवड्या ओळीनं मांडायला लागली, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. एक ट्रक इतका जवळून गेला की तिचे केस उडाले. मी किंचाळणार, तोच त्या बाईनं माझ्या तोंडावर हात ठेवला. “गप, माय. तुझ्या वरडण्यालाच भ्याली ती.”

मी गप्प बसले. जन्मात पहिल्यांदा असेल. हळूच तिच्या आणि रस्त्याच्या मधे जाऊन बसले आणि एकेक कवडी वेचून पुढं सरकवू लागले. मग ओवीनं माझ्याकडं न बघता तळहात पुढं केला. आजवर तिनं माझ्याकडं असं काही मागितलंच नव्हतं. मी त्यावर कवडी ठेवली. हात पुन्हा आला.

बाई हसली. “झाला की जोगवा! आन् काय पायजे?”

“पण तुमची माळ तुटली हो…”

“आईची हाय, आईनं तोडली. मला काय इचारती?”

माकणीची बस आली आणि ती कवड्या ओच्यात भरून निघून गेली. एक कवडी ओवीच्या मुठीत राहिली. नात्यातल्या बायका म्हणतात, ती साक्षात आईच होती. असेल. तिच्या पिशवीतून कांद्याची पात डोकावत होती, एवढं मात्र मी पाहिलंय. आणि आईनं पात आणू नये असं थोडंच आहे?

ओवी आता तेरा वर्षांची आहे. ‘उदो’ म्हणत नाही. मंगळवारी कधी परडी घेते, दारात उभी राहून हात पुढं करते. कधी उंबऱ्यावरच अडून बसते, मग आम्ही जात नाही. भाकरीला अजून चीर पडते, ताट अजून उडतं. मी दुसरी थापते. पुटपुटते थोडी, खोटं कशाला बोलू.

आई, मी तुझ्याकडं तिचा आवाज मागितला होता. तू घटकाभर माझाच काढून घेतलास, आणि तेवढ्यात लेकरू वाचलं. तुझे उपकार.